दुसऱ्यांदा छाती उघडताना

अंतरवाली सराटीहून छत्रपती संभाजीनगरला जायचं म्हणजे वडीगोद्रीला महामार्ग गाठायचा आणि पाचोड, आडूळ मागं टाकत सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर जायचं. ऑगस्ट २०२३ च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणापासून या गावाचं नाव महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आजारपणाच्या बाबतीत मात्र ते अंबड तालुक्यातल्या बाकीच्या गावांसारखंच आहे. साध्या तापाला वडीगोद्री नाहीतर शहागड, त्यापुढं अंबड किंवा जालना, आणि हृदयाचं काही निघालं की संभाजीनगर. तिथल्या डॉक्टरांनी इको बघून "झडप पुन्हा बदलावी लागेल, दुसरं ऑपरेशन आहे, जरा मोठ्या ठिकाणी दाखवा" असं सांगितलं की घरातले सगळे फोन एकदम सुरू होतात. जावयाचा मित्र पुण्यात कंपाउंडर असतो, कुणाची भाची मुंबईत नर्स असते, कुणाची पुढाऱ्याच्या पीएशी ओळख असते. दोन दिवसांत पाच डॉक्टरांची नावं गोळा होतात आणि प्रत्येक नावापुढं एकच शेरा असतो: "लई मोठा माणूस आहे."

हे प्रकरण त्या दोन दिवसांसाठी लिहिलं आहे.

समजा, पेशंट म्हणजे घरातली माय आहे. वय सत्तेचाळीस. लहानपणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायची. एका कोपीत सहा-सात माणसं. एका हंगामात घसा दुखला, ताप आला, दोन-तीन आठवड्यांनी गुडघे-घोटे सुजले आणि आपोआप उतरलेही. कुणी लक्ष दिलं नाही. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूनं घसा धरल्यावर काही मुलांची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात. झडपा मात्र वर्षानुवर्षं जाड होत, आक्रसत जातात. दाटीवाटीनं राहणाऱ्या घरांत हा आजार, म्हणजे संधिवाताचा ताप, जास्त; म्हणून आपल्याकडे अनेकांचं झडपेचं पहिलं ऑपरेशन विशी-तिशीतच होतं. युरोप-अमेरिकेत झडपेचे बहुतेक पेशंट म्हातारे असतात. ज्या बाईची झडप अठ्ठाविसाव्या वर्षी बदलली, तिच्या पुढं दुसरं ऑपरेशन येण्याइतकं आयुष्य शिल्लक असतं. कातडीची, म्हणजे जनावराच्या ऊतींपासून केलेली झडप साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि तरुण माणसात त्याहून लवकर. धातूची झडप टिकते, पण तिच्याभोवती मांस वाढू शकतं, गुठळी अडकू शकते, कडेनं गळती सुरू होऊ शकते. कधी बसवलेली झडप ठणठणीत असते आणि शेजारची, त्या वेळी बरी वाटलेली झडप बिघडते. दुसरं ऑपरेशन निघालं म्हणजे पहिल्या डॉक्टरनं घोटाळा केला, असा राग घरात धरला जातो. बहुतेक वेळा तो अनाठायी असतो, आणि त्या रागापायी लोक पहिल्या रुग्णालयाकडं फिरकत नाहीत. नुकसान पेशंटचं होतं. ते कसं, हे पुढं येईलच.

आधी दुसरं ऑपरेशन वेगळं का, ते नीट समजून घेऊ. डॉक्टर निवडण्याची सगळी मेख तिथंच आहे.

पहिल्या वेळी छातीच्या मधलं हाड करवतीनं उभं कापतात, तेव्हा हाडामागं एका पातळ पिशवीत हृदय मोकळं हलत असतं. काम झालं की हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. पुढच्या काही महिन्यांत बाहेरची जखम भरते तशी आतलीही भरते, आणि भरताना आतलं सगळं एकमेकांना चिकटतं. हृदयाचा उजवा कप्पा, महाधमनी, मानेकडून येणारी मोठी शीर हाडाच्या आतल्या अंगाला डकून बसते. म्हणजे दुसऱ्या वेळी करवत चालवायची ती अशा हाडावर, ज्याच्या मागच्या बाजूला खुद्द हृदय चिकटलेलं असू शकतं. तव्याला चिकटलेली भाकरी उलथन्यानं सोडवताना तिचा पापुद्रा तव्यावर राहतो. इथं तो राहून चालत नाही.

म्हणून सरावलेला सर्जन या ऑपरेशनची सुरुवात करवतीनं करत नाही. तो आधी छातीचा सीटी स्कॅन काढून हाड आणि हृदय यांच्यातलं अंतर मोजतो. अंतर फारच कमी असेल तर हाड कापण्याआधीच जांघेतली किंवा खांद्याजवळची रक्तवाहिनी मोकळी करून ठेवतो, म्हणजे रक्तस्राव सुरू झालाच तर पेशंटला काही मिनिटांत हृदय-फुप्फुस यंत्रावर घेता येतं. कधी यंत्र आधी सुरू करून, हृदय रिकामं करून मगच हाड कापतात. विजेचा झटका द्यायची पॅडं छातीला-पाठीला आधीच चिकटवलेली असतात, कारण चिकटलेल्या हृदयापर्यंत आतून पोचायला वेळ लागतो. रक्ताच्या पिशव्या ऑपरेशन थिएटरमध्ये आणून ठेवलेल्या असतात. एवढं झाल्यावर मिलिमीटर-मिलिमीटर करत हृदय सोडवायचं. झडपेला हात लागण्याआधी कित्येकदा तास-तास नुसत्या या सोडवण्यात जातात.

हे एकदा डोळ्यांपुढं आलं की "डॉक्टर साहेबांनी आजवर किती हजार ऑपरेशनं केली" हा प्रश्न मागं पडतो. पाच हजार बायपास करणाऱ्याचा हात उत्तमच असणार. पण आपल्याला हवा आहे तो दुसऱ्यांदा छाती उघडण्याचा सराव असलेला माणूस. म्हणून प्रश्न असा विचारावा: "डॉक्टर, दुसऱ्यांदा छाती उघडायची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? त्यांत झडपेची किती? शेवटचं कधी केलं?" आणि मग: "आमच्या मायचा सीटी बघून सांगा, हाडाच्या मागं काय चिकटलंय?" ज्यानं खरंच अभ्यास केला आहे तो पडद्यावर चित्र उघडून बोट ठेवून दाखवतो. मला वाटतं, डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं सगळ्यांत मोलाचं वाक्य "काळजी करू नका" हे नाही. "इथं मला अडचण येऊ शकते आणि आली तर मी असं करीन" हे आहे. दुसऱ्या ऑपरेशनला कुणी "रुटीन आहे" म्हणून दोन मिनिटांत उठवत असेल, तर दुसरं दार वाजवावं.

पण डॉक्टर शोधण्याच्याही आधी शोधायचे ते कागद.

हे कागद बहुधा लोखंडी पेटीच्या तळाशी किंवा कपाटावर एका पिशवीत असतात. एक्स-रे, जुने इको, डिस्चार्ज कार्ड. डिस्चार्ज कार्डावर "एमव्हीआर" (म्हणजे मायट्रल झडप बदलली) एवढंच लिहिलेलं असलं तर ते पुरेसं नाही. नव्या सर्जनला हवी असते ती ऑपरेशनची सविस्तर नोंद: कोणत्या कंपनीची, किती मापाची झडप बसवली, यंत्राच्या नळ्या कुठं जोडल्या, हृदयाभोवतीची पिशवी परत शिवली का, शेजारच्या झडपेला काही केलं का. झडपेबरोबर एक छोटं कार्डही मिळतं. त्यावर नमुना आणि क्रमांक असतो. आपल्या भागातल्या पुष्कळ जुन्या पेशंटांच्या छातीत चित्रा झडप असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत डॉ. एम. एस. वलियथन यांच्या पुढाकारानं ती घडली. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली गेली, आणि परदेशी झडपांच्या मानानं स्वस्त असल्यानं गरीब घरांपर्यंत पोचली. पेशंटला "माझी झडप चित्रा आहे" एवढं जरी सांगता आलं तरी डॉक्टरचं काम सोपं होतं.

कागद नसतील तर पहिल्या रुग्णालयाकडं जावंच लागतं. तो राग इथं आड येतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणं पेशंटनं मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागद द्यायचे असतात. मात्र ते जपून ठेवायचं बंधन तीन वर्षांचंच आहे. वीस वर्षांपूर्वीची नोंद मिळेलच असं नाही. तरी मोठी रुग्णालयं बऱ्याचदा जुन्या फायली ठेवतात. साध्या कागदावर अर्ज, पेशंटचं तेव्हाचं नाव, वर्ष, वॉर्ड, आणि असेल तर नोंदणी क्रमांक. लग्नाआधी ऑपरेशन झालेलं असेल तर माहेरचं नाव लिहायला विसरू नये.

कागद हाती आले की पुढचा प्रश्न: छाती उघडायलाच हवी का?

धातूची झडप असलेल्या माणसाजवळ रात्री झोपलं तर घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. काही झडपांचा आवाज कमी असतो, पण घरच्यांच्या कानाला तो ओळखीचा झालेला असतो. तो एकाएकी दबला किंवा थांबला आणि दम लागायला लागला तर झडपेत गुठळी अडकल्याची शंका घ्यावी; इथं डॉक्टर निवडत बसायचं नसतं, त्याच रात्री जवळात जवळच्या हृदयरुग्णालयात न्यायचं. अशा वेळी कधी औषधानं गुठळी विरघळवता येते, कधी तातडीचं ऑपरेशन लागतं. थंडी वाजून रोज ताप येत असेल तर झडपेला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी प्रतिजैविकं सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर व्हायला हवं. हळूहळू वाढत गेलेल्या बिघाडात मात्र वेळ असतो. धातूच्या झडपेची सावली छातीवरून केलेल्या इकोत आड येते, म्हणून घशातून नळी घालून केलेला इको आणि धातूची चकती हलताना दिसावी म्हणून एक्स-रेचं चलच्चित्र, या दोन तपासण्या झाल्याशिवाय निर्णय पक्का समजू नये.

आणि कातडीची झडप झिजली असेल तर आज आणखी एक वाट आहे. २००२ मध्ये फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी सरकवून महाधमनीची झडप बसवली. आता जुन्या कातडीच्या झडपेच्या आतच अशी नवी झडप बसवता येते. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॉल ही भारतीय झडपही या कामाला येते. धातूच्या झडपेत हे जमत नाही, आणि जुनी झडप फार लहान मापाची असेल तर कातडीच्या झडपेतही अवघड जातं. खर्चही बराच असतो. पण विचारायला तर हवं. म्हणून ज्या रुग्णालयात नळीनं झडप बसवणारा हृदयरोगतज्ज्ञ आणि छाती उघडणारा सर्जन दोघं एकत्र बसून पेशंटचा विचार करतात, ते रुग्णालय मी वरच्या पायरीवर ठेवतो. एकटा सर्जन ऑपरेशनच सुचवण्याची शक्यता जास्त, आणि नळीवाला नळी. यात कुणाची लबाडी असते असं नाही. ज्याला जे येतं ते त्याला आधी दिसतं.

अर्नोल्ड श्वार्झनेगर या नटाची गोष्ट इथं उपयोगी पडेल. त्यांच्या झडपेचं ऑपरेशन १९९७ मध्ये झालं होतं. तेव्हा बसवलेली फुप्फुसाकडची झडप मार्च २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला नळीनं बदलायचं ठरलं. आत रक्तस्राव झाला आणि छाती उघडावी लागली. छाती उघडणारी टोळी तयार ठेवलेली होती, म्हणून माणूस वाचला. नळीचं काम सुरू असताना बाजूला सर्जन, यंत्र, रक्त सज्ज असतं का, हा प्रश्न आपणही विचारायचा आहे.

सर्जन आणि रुग्णालय या दोन वेगळ्या निवडी आहेत, हे जानेवारी २००९ मध्ये साऱ्या देशानं पाहिलं. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग यांचं दुसरं बायपास होतं. पहिलं १९९० मध्ये इंग्लंडमध्ये झालेलं. ऑपरेशन दिल्लीच्या एम्समध्ये झालं, पण पथकाचं नेतृत्व करायला मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा गेले. तिथं झडप नव्हती, रक्तवाहिन्या होत्या. पण पुन्हा छाती उघडण्याची अडचण तीच. देशाच्या पंतप्रधानासाठी सर्जन विमानानं येऊ शकतो. अंतरवालीच्या मायसाठी सर्जन आणि रुग्णालय एकाच छताखाली शोधावे लागतात. काही शहरांत मोठ्या नावाचा सर्जन आठवड्यातून एक दिवस येतो, ऑपरेशन करतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. साध्या ऑपरेशनला हे कदाचित चालेल. दुसऱ्या ऑपरेशनला मी चालवून घेणार नाही. दुसऱ्या ऑपरेशननंतर रक्तस्राव जास्त होतो आणि कधी रात्री दोन वाजता पेशंटला परत थिएटरमध्ये न्यावं लागतं. त्या वेळेसाठी "सर्जन किती वेळात पोचतील? रात्री आयसीयूत हृदयाच्या ऑपरेशनांचा अनुभव असलेला डॉक्टर जागा असतो का? रक्तपेढी आवारातच आहे का? मूत्रपिंडानं दगा दिला तर डायलिसिस इथंच होतं का?" या प्रश्नांची उत्तरं दिवसा, ओपीडीत बसून मिळवायची असतात.

धोका किती, हेही आकड्यात विचारावं. झडपेचं पहिलं, ठरवून केलेलं ऑपरेशन बऱ्या तब्येतीच्या माणसात शंभरात दोन-तीनच्या आसपास मृत्यू दाखवतं. दुसऱ्याला तो वाढतो. आणि जंतुसंसर्ग, मूत्रपिंड बिघडलेलं, किंवा तातडीची वेळ असेल तर कितीतरी पटींनी. डॉक्टरांकडं युरोस्कोर नावाचं गणित असतं. वय, मूत्रपिंड, फुप्फुसांतला दाब, आधीचं ऑपरेशन अशा १८ गोष्टी त्यात भरल्या की पेशंटचा अंदाजे धोका निघतो. तो काढून दाखवा म्हणायला लाजू नये. त्याच्या पुढचा प्रश्न कठीण आहे: "तुमच्या स्वतःच्या हातून झालेल्या अशा ऑपरेशनांत काय झालं?"

ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनांत जरुरीपेक्षा जास्त मुलं दगावत होती. भूलतज्ज्ञ स्टीफन बॉल्सिन यांनी ते आकडे मांडले, तर आधी त्यांचंच ऐकलं गेलं नाही. २००१ च्या चौकशी अहवालात १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं जास्तीची गेली असं म्हटलं आहे. त्यानंतर तिथं हृदयसर्जनांच्या कामाचे आकडे लोकांसाठी जाहीर होऊ लागले. न्यूयॉर्क राज्यानं ते त्याही आधी सुरू केलं होतं. आपल्याकडं अशी सक्ती नाही. ती व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तोवर तोंडी विचारणं हाच मार्ग. चांगला सर्जन या प्रश्नानं चिडत नाही. आणि शंभर टक्के यश सांगणाऱ्यानं एकतर सोपेच पेशंट घेतलेत किंवा तो खरं सांगत नाही.

पैशाचं बघू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि हृदयाच्या झडपांची ऑपरेशनं त्यात बसतात. "योजना आहे का?" एवढं विचारून थांबू नये. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावं की दुसऱ्या ऑपरेशनला मंजुरी तुमच्याकडं मिळते का, कोणती झडप मिळेल, आणि आयसीयूचे दिवस वाढले तर खर्च कुणी करायचा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड संभाजीनगरला निघण्याआधी अंबडहून करून घेतलेलं बरं. सरकारी रुग्णालय म्हणजे नाइलाज, असंही मानू नये. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातल्या पहिल्या हृदयरोपणानंतर तीनच महिन्यांच्या आत, हृदयरोपण केलं होतं. अशा मोठ्या सरकारी ठिकाणी संधिवाताच्या तापानं बिघडलेल्या झडपा भरपूर येतात, म्हणून हातही सरावलेले असतात. नंबर लागायला वेळ जातो, हे खरं. तेव्हा "पेशंट किती दिवस थांबू शकतो?" हे हृदयरोगतज्ज्ञाकडून लिहून घ्यावं आणि मग ठरवावं.

संभाजीनगर की मुंबई, या वादात मी आंधळेपणानं मुंबई म्हणणार नाही. हाड आणि हृदय यांच्यात बरं अंतर असेल, एकच झडप असेल आणि जवळच्या सर्जनला या कामाचा सराव असेल, तर जवळचं ठिकाण चांगलं. मुंबईला महिनाभर एक माणूस अडकतो, शेत आणि जनावरं कुणावर तरी टाकावी लागतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. तीन झडपा, जंतुसंसर्ग, किंवा सीटीत हृदय हाडाला घट्ट दिसत असेल, तर मात्र लांबचा प्रवास करावा. दोन डॉक्टरांची मतं घ्यावीत. तीन-चार घेतली की घरात भांडणं होतात आणि दिवस जातात. आणि निर्णय घेताना माय खोलीत असावी. दार लावून जावई आणि भाऊ ठरवतात, आणि जिची छाती उघडायची ती बाहेर बाकावर बसलेली असते, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

तिला विचारायचा सगळ्यांत मोठा प्रश्न: या वेळी कोणती झडप? धातूची घेतली तर रक्त पातळ ठेवायची गोळी, ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन, जन्मभर. आयएनआर नावाची तपासणी नियमित. महाधमनीच्या झडपेला तो साधारण अडीच, मायट्रलला तीनच्या आसपास ठेवतात. ती तपासणी वडीगोद्रीत की अंबडला, रिपोर्ट कुणाला दाखवायचा, गोळी कमीजास्त कोण करणार, हे ऑपरेशनच्या आधी ठरलं पाहिजे. पालेभाज्यांनी गोळीचा असर बदलतो, तरी मेथी, पालक, शेपू सोडायचं नसतं. आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. कातडीची झडप घेतली तर बहुधा ही कटकट कमी होते, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी घेतली तर साठीच्या आसपास तिसऱ्यांदा हाच प्रसंग येऊ शकतो. तेव्हा तरी नळीनं जमेल का, हे सर्जनला आत्ताच विचारायचं. कारण आत्ता थोडी मोठ्या मापाची झडप बसली तर पुढं तिच्या आत दुसरी मावते. मूल हवं असलेल्या बाईच्या बाबतीत हिशोब आणखी बदलतो, कारण पातळ करायची गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते.

ऑपरेशननंतर दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी बिलाच्या खिडकीवर गर्दी असते, गाडीवाला घाई करतो. तरी ऑपरेशनची सविस्तर नोंद, झडपेचं कार्ड आणि सीटीची सीडी हातात पडल्याशिवाय निघू नये. हाडाच्या मागं हृदय चिकटू नये म्हणून सर्जननं मध्ये पातळ पडदा ठेवला असेल तर तेही नोंदीत लिहून मागावं. दोन मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत, एक घरातल्या पोराच्या आणि एक माहेरच्या भावाच्या. मग ती फाईल पेटीच्या तळाशी नको. देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला, घरात कुणालाही हात पुरेल अशी.